भाचीचे वरचे दात

माझ्या भाचीला आठव्या महिन्यात पहिले दात आले आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून ती बातमी माझ्यापासून लपवली.

मी भोपाळच्या एका सरकारी इस्पितळात नर्सिंग ऑफिसर आहे. पेशंट मला ब्रदर म्हणतात. आई लोकांना ‘हॉस्पिटलमध्ये असतो’ एवढंच सांगून थांबते, ऐकणाऱ्याने मला डॉक्टर समजावं अशी सोय ठेवून. बाबा नागपूरहून इथल्या मोठ्या कारखान्यात टेक्निशियन म्हणून आले आणि रिटायर झाल्यावर इंद्रपुरीतच राहिले. मी अजून त्यांच्याकडेच असतो, कारण माझं लग्न झालेलं नाही. धाकटी बहीण बागसेवनियाला राहते आणि बँकेत नोकरी करते. मेहुणे सकाळी बाळाला गाडीतून आमच्याकडे सोडतात आणि संध्याकाळी परत नेतात. दिवसभर बाळ आईच्या ताब्यात असतं.

त्या आठवड्यात मी ड्यूटीवरून घरी आलो की आई बाळाला उचलून आतल्या खोलीत न्यायची. मला वाटलं, मी इस्पितळातून जंतू घेऊन येतो म्हणून असेल. मी मनातल्या मनात तिचं कौतुक केलं, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि आत गेलो, तर तिने बाळाच्या तोंडावर पटकन रुमाल टाकला. आमच्या वॉर्डात तसा रुमाल फक्त एकाच प्रकारच्या पेशंटवर टाकतात, म्हणून मी घाबरलो. रुमालाखालून बाळ खदाखदा हसत होतं.

शेवटी बाबांनी पेपरातून मान वर न करता सांगितलं, “वरचे आले आधी.”

खालचे दात आधी यायला हवेत. वरचे आधी आले तर मामाला जड जातं. मी एकुलता एक मामा. मी विचारलं की म्हणजे मी मरणार का, तर आईने मला अभद्र बोलू नकोस म्हणून दटावलं. मरणार असं कोणी म्हटलेलं नाही, जड जातं असं म्हटलंय. जड म्हणजे नेमकं किती, ते तिला सांगता येईना. तिची खरी काळजी वेगळी होती. आधीच स्थळं येत नव्हती, त्यात मुलाच्या भाचीचे वरचे दात आधी आलेत हे कळलं तर कोण मुलगी देणार.

नागपूरच्या मावशीने फोनवरून उपाय सांगितला. मामाने चांदीची वाटी आणायची, तिची कड बाळाच्या दातांना लावायची, मग वाटी बाळालाच द्यायची. शेजारच्या काकू मूळच्या सागर गावच्या. त्यांच्याकडे वाटीच्या जागी चमचा चालतो आणि तो मामाच्या नव्हे, आजोबांच्या हातून द्यावा लागतो. दोघींचं एका बाबतीत मात्र एकमत होतं, की हे होईपर्यंत मामाने बाळाच्या तोंडात बघायचं नाही. आईने त्यात आपलं एक कलम घातलं: तोवर त्या दातांना कोणी बोटसुद्धा लावायचं नाही.

अकरा वर्षं नोकरी झालेल्या, शास्त्र शिकलेल्या माणसाने यावर काय करायला हवं होतं ते मला माहीत आहे. वरचे दात आधी येणं ही साधी गोष्ट असते, काही मुलांना येतात, असं ठणकावून सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही, कारण मला ती बंदी फार सोयीची वाटली. बाळाचं तोंड पूस म्हटलं की मी म्हणायचो, मला बघायची परवानगी नाही. तिला भरव म्हटलं की तेच. वाटी आणायला मी दोन महिने लावले. एकदाची आणली, आईने ती दातांना टेकवली, बाळाने ती हिसकावून बाबांच्या गुडघ्यावर आपटली आणि विधी संपला. मला बघायची मोकळीक मिळाली, पण तोवर न बघायची सवय अंगवळणी पडली होती. दातांना हात न लावायची आईची सवयही तशीच राहिली.

याच सुमाराला बहिणीने मला एक प्रश्न विचारला. मी दारात बसून बुटाच्या नाड्या बांधत होतो. ती म्हणाली की बाळ झोपताना बाटली तोंडातून काढूच देत नाही, काढली की रडते. आई दुधात साखर घालते म्हणून तिला ती जास्तच आवडते. झोपेतसुद्धा चोखत राहते, ते चालेल ना?

मी म्हणालो, “झोपतेय ना? मग झोपू दे. चमचाभर साखरेने काय होतंय.”

ती बरं म्हणाली. मी दुसरी नाडी बांधली आणि ड्यूटीवर गेलो.

मग चार महिन्यांनी इस्पितळात एक आदेश आला. शिशूंचं मौखिक आरोग्य, डॉक्टर आणि नर्सिंग स्टाफसाठी एक दिवसाचं प्रशिक्षण. माझी बदली नुकतीच लसीकरण कक्षात झाली होती. तिथल्या सिनिअर सिस्टरच्या घरी लग्न निघालं आणि माझं नाव पुढे गेलं. बालरोग विभागाच्या प्रमुख डॉक्टरांनी स्वतः न येता एका नव्या डॉक्टरणीला पाठवलं. ती तीन दिवसांची सलग ड्यूटी करून आली होती आणि पहिल्या स्लाइडलाच झोपली. तिला कोणी उठवलं नाही. त्या सभागृहात तेवढंच एक वैद्यकीय दयेचं काम झालं असं मला तेव्हा वाटलं.

मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. बाळांना दात नसतात, असले तर दुधाचे असतात, दुधाचे असले तर पडतात. या विषयावर दिवस कसा काढणार याची मला उत्सुकता होती.

शिकवायला आलेली दाताची डॉक्टर माझ्याहून लहान होती. तिने येताच विचारलं, गेल्या महिन्यात किती जणांनी एखाद्या बाळाच्या तोंडात पाहिलं? सगळ्यांनी हात वर केले. घसा बघतो, जीभ बघतो, पाहतोच की. मग तिने विचारलं, वरचा ओठ बोटाने उचलून किती जणांनी पाहिलं? हात खाली आले. एक हात वर राहिला, पण तो पंखा वाढवायला सांगत होता.

मी मागून प्रश्न केला की मॅडम, जे दात पडणारच आहेत ते घासायचे कशाला. लोक हसले. मला हसवायचंच होतं.

ती म्हणाली, “आप नहाते तो होंगे, ब्रदर? कल फिर मैले हो जाएँगे, तब भी?”

लोक जास्त हसले. मग तिने अजिबात न हसता उत्तर दिलं. पुढचे दुधाचे दात सहा-सात वर्षांपर्यंत राहतात, दाढा अकरा-बाराव्या वर्षापर्यंत. तेवढा काळ मूल त्यांनीच खातं. ते किडले की दुखतात, सुजतात, मूल जेवत नाही, वजन वाढत नाही, आणि आपण वजन वाढायचं औषध लिहून देतो. मूल बोलू शकत नाही म्हणून दात दुखतोय हे कोणाला कळत नाही. लसीसाठी बाळ आपल्याकडे पाच-सहा वेळा येतं, दाताच्या डॉक्टरकडे एकदाही जात नाही. म्हणून ओठ आपण उचलायचा.

मग तिने फोटो दाखवले. पहिल्या फोटोत वरच्या दातांवर हिरडीला लागून खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ होती. इथे पकडलं तर परतवता येतं, ती म्हणाली. दुसऱ्या फोटोत ती रेघ तपकिरी झाली होती. तिसऱ्यात दातांच्या जागी काळे खुंट होते आणि मूल दोन वर्षांचं होतं. हे कशाने होतं तेही तिने सांगितलं. बाळ बाटली तोंडात ठेवून झोपतं. झोपेत लाळ कमी सुटते. गोड दूध वरच्या ओठामागे तासन्‌तास साचून राहतं. खालच्या दातांवर जीभ असते म्हणून ते वाचतात, वरचे जातात.

मला माझ्या बुटाच्या नाड्या आठवल्या.

दुपारी प्रॅक्टिकल झालं. बाळ तपासायची पद्धत अशी की दोघांनी समोरासमोर खुर्च्यांवर बसायचं, गुडघ्याला गुडघा लावून. बाळाचे पाय आईच्या कमरेशी, डोकं तपासणाऱ्याच्या मांडीवर. बाळाला आई दिसत राहते आणि तपासणाऱ्याला तोंड दिसतं. बाळ अर्थातच कोणी आणलं नव्हतं, एक रबरी बाहुली होती. माझी जोडी आमच्या मेट्रनबाईंशी लागली. त्या पुढच्या वर्षी रिटायर होणार होत्या आणि उभ्या सर्व्हिसमध्ये त्यांच्या तीन फुटांच्या आत कोणी ब्रदर आला नव्हता. आम्ही गुडघे जुळवून बसलो. त्या छताकडे बघत होत्या, मी बाहुलीकडे. मी बाहुलीचा ओठ उचलला तर तो माझ्या हातात आला. मेट्रनबाई म्हणाल्या की हे तुझ्या सर्व्हिस बुकात लिहायला हवं.

रविवारी मी बागसेवनियाला गेलो. बहिणीला म्हटलं, दोन खुर्च्या आण, बाळाचं तोंड बघायचंय. तिला वाटलं मी चेष्टा करतोय. मेहुणे टीव्हीचा आवाज कमी करून बघायला आले. भाची तेव्हा सव्वा वर्षाची होती. तिला बहिणीच्या मांडीवर बसवून मागे झुकवलं, तिचं डोकं माझ्या मांडीवर आलं आणि ती उलटी माझ्याकडे बघून हसली. मी वरचा ओठ उचलला.

चारही दातांवर हिरडीला लागून पांढरी रेघ होती. मधल्या एका दातावर रेघ संपून तपकिरी खड्डा सुरू झाला होता. खालचे दोन दात तांदळाच्या दाण्यासारखे स्वच्छ होते.

“काय दिसलं?” बहिणीने विचारलं.

“कीड लागलीय. सुरुवात आहे. एका दाताला जास्त.”

तिने बाळाला उचलून खांद्यावर घेतलं. बराच वेळ पाठ थोपटत राहिली, बाळ रडत नसताना. मग म्हणाली, “पण दादा, मी तुला विचारलं होतं.”

मला आठवत नाही असं म्हणता आलं असतं. साखर आई घालते असंही म्हणता आलं असतं, ते खोटंही नव्हतं. मी म्हणालो, “हो. मला माहीत नव्हतं. तरी मी सांगितलं.”

“मी बाकी कोणालाच विचारलं नाही,” ती म्हणाली. “म्हटलं, घरातच नर्स आहे.”

मेहुण्यांनी चहा करतो म्हटलं आणि आत गेले. एरवी ते स्वयंपाकघरात जात नाहीत. त्या दिवशी चहात त्यांनी मीठ घातलं असतं तरी मी प्यायलो असतो.

त्याच दाताच्या डॉक्टरकडे मी, बहीण, आई आणि बाळ असे चौघे गेलो. तिने मला ओळखलं, आंघोळीबद्दल काही बोलली नाही, त्याबद्दल मी तिचा आभारी आहे. तिने पांढऱ्या रेघांवर फ्लोराइडचा लेप लावला आणि घरी काय करायचं ते सांगितलं. दिवसातून दोनदा मऊ ब्रशने दात घासायचे, ब्रशवर फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. बाटली बंद, दूध पेल्याने, झोपताना हवं तर पाणी. बाळाच्या चमच्याने मोठ्यांनी चव घ्यायची नाही, आपल्या तोंडातले किडीचे जंतू त्यावरून बाळाच्या तोंडात जातात. आईने खाली मान घातली. बाबा दलियाचा प्रत्येक घास आधी स्वतः चाखून मग भरवतात हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

तपकिरी दातासाठी तिच्याकडे एक औषध होतं. त्यात चांदी असते. सुई नाही, घासणं नाही, थेंबभर औषध लावायचं, कीड तिथेच थांबते. फक्त किडलेली जागा कायमची काळी पडते, तो दात पडेपर्यंत.

आई म्हणाली, “समोरचा दात? काळा?”

डॉक्टरने दुसरा मार्गही सांगितला. भूल देऊन दात भरायचा. एवढ्या लहान बाळाला नुसत्या दिसण्यासाठी भूल द्यावी असं तिला वाटत नव्हतं, पण निर्णय आमचा. बहीण म्हणाली घरी विचारून सांगते.

घरी आईने रडून घेतलं. मुलीची जात, समोरचा दात, लोक काय म्हणतील. बाबा खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नाही, पूर्ण कवळी आहे. ते म्हणाले, “माझे सगळे पांढरेशुभ्र आहेत. काढून हातात देऊ?” आणि खरंच तोंडाकडे हात नेला. आईचं रडणं थांबलं. दुसऱ्या दिवशी बहिणीने औषध लावून घेतलं. बाळाने तोंड वाकडं केलं, एकदा थुंकलं आणि दात काळा झाला.

बाटली सोडवणं जास्त कठीण गेलं. दुधात रोज थोडं पाणी वाढवत न्यायचं ठरलं. चौथ्या दिवशी बाळाने दोन घोट घेतले, बाटलीकडे पाहिलं आणि ती थेट बाबांच्या पेपरवर फेकली. दुपारी एक ते अडीच ती जे काही रडायची, ते ऐकून सागरच्या काकू विचारायला आल्या की मुलीला काय करताय. सहाव्या दिवशी मी घरी लवकर आलो, तर आई दाराआड उभी राहून बाटलीत साखर ढवळत होती.

मी चिडलो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बहिणीला चालेल म्हणून कोणी सांगितलं होतं? मग स्वतःवर का नाही ओरडत?”

मी म्हणालो की ओरडतोय, रोज ओरडतोय, फक्त तुला ऐकू येत नाही. ते काही फार शहाणं उत्तर नव्हतं, पण आईने बाटली मोरीत ओतली. मग मी तीन दिवसांची रजा टाकली आणि आम्ही दोघांनी पाळी लावली. रडण्याचा पहिला पाऊण तास तिचा, दुसरा माझा. नवव्या दिवशी बाळ माझ्या खांद्यावर बाटलीशिवाय झोपलं. बहिणीकडे आणखी आठवडा लागला. तिथे पाळी लावायला मेहुणे होते, ते रडण्याच्या आधी झोपायचे.

त्यानंतर आई सुधारली ती अशी की घरात राहणं नको झालं. दात न आलेल्या बाळाच्या हिरड्या दूध पाजल्यावर ओल्या कापडाने पुसायच्या असतात हे मी तिला सांगून बसलो. आता गल्लीत कोणी तान्हं मूल घेऊन दिसलं की आई उकळलेलं फडकं घेऊन बाहेर पडते. दोन घरच्या सुनांनी रस्ता बदलला आहे.

लसीकरण कक्षात मी सुई टोचायच्या आधी ओठ उचलायला लागलो. आधी, कारण सुईनंतर कोणतंही स्वाभिमानी बाळ आपल्याला तोंडाजवळ येऊ देत नाही. नवव्या महिन्याच्या लसीला आणि मग सोळाव्या महिन्याच्या. आयांना दाखवतो, रेघ कुठे बघायची ते सांगतो, स्वतः दर महिन्याला बघा म्हणतो. माहीत नसलेलं विचारलं तर माहीत नाही म्हणतो. हे शब्द माझ्या तोंडातून निघतात याचं सिनिअर सिस्टरला अजून नवल वाटतं.

बालरोगाचे प्रमुख डॉक्टर एकदा दारातून डोकावले. मी एका मुलाचा ओठ धरून बसलो होतो. ते म्हणाले, “ब्रदर, ये क्या घोड़ों की मंडी लगा रखी है?” खोली हसली. मीही हसलो, विनोद बरा होता. पण ते मूल त्यांचंच पेशंट होतं. दीड वर्षाचं, जेवत नाही म्हणून तीनदा आणलेलं, तीनदा टॉनिक लिहिलेलं. मी ओठ तसाच धरून ठेवला आणि बाजूला सरकलो. वरचे चारही दात खुंट झाले होते आणि हिरडीवर पुवाची फुटकुळी होती.

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत पाहिलं. मुलाच्या आईला म्हणाले, चला, मी चिठ्ठी देतो, आजच दात दाखवायचे, आणि तिला घेऊन स्वतः चालत गेले. त्यांच्या ओपीडीच्या टेबलावर आता एक छोटी टॉर्च असते. विचारलं तर म्हणतात, लाइट जाते ना.

भाची दोन वर्षांची झाली. पांढऱ्या रेघा जवळजवळ गेल्या, डॉक्टर म्हणते आता धोका नाही, पण दर तीन महिन्यांनी दाखवत राहा. काळा दात काळाच आहे. वाढदिवसाला बहिणीने बाळाचा फोटो काढायचं ठरवलं आणि आम्ही सगळे इंद्रपुरीच्या बाजारातल्या स्टुडिओत गेलो. भाची फोटोसाठी तोंड बंद ठेवेना. आईने खुणा केल्या, पुटपुटून सांगितलं, गप्प बस म्हटलं, तशी ती आणखीच तोंड उघडून हसली.

फोटोग्राफरने कॉम्प्युटरवर फोटो मोठा केला. तो दात स्क्रीनवर चांगला सुपारीएवढा दिसत होता. तो बहिणीला म्हणाला, “मैडम, ये काला वाला हटा दूँ? एक मिनट का काम है, सफ़ेद कर देता हूँ.”

आई पुढे झाली. बहिणीने तिच्या हातावर हात ठेवला.

“नहीं भैया,” ती म्हणाली. “रहने दो, उसी का है.”

फोटोग्राफरने खांदे उडवले आणि प्रिंट काढायला घेतली. भाची माझ्या कडेवरून वाकून स्क्रीनवरच्या स्वतःच्या दाताला बोट लावायचा प्रयत्न करत होती.